जेएस-कुकी : एका द्राक्षहंगामानंतर

पिंपळगाव बसवंतच्या एका कृषी सेवा केंद्राची साइट मी सांभाळतो. बसतो नाशिकलाच, गंगापूर रोडला. साइटचं काम सरळ आहे: बागायतदार तालुका, प्लॉट आणि छाटणीची तारीख भरतो. साइट त्याला ‘आज छाटणीनंतरचा 38वा दिवस’ असं दाखवते आणि त्या अवस्थेतली औषधं पुढे करते. लॉगिन मुद्दामच ठेवलं नाही. बांधावर उभं राहून पासवर्ड कोण आठवत बसणार? म्हणून सगळी मदार कुकीवर, म्हणजे साइट वापरणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये ठेवते त्या छोट्या नोंदीवर. ऑक्टोबर छाटणीच्या तोंडावर जेएस-कुकी ही कुक्या हाताळायची तयार जावास्क्रिप्ट लायब्ररी बसवली, आता माल उतरल्यानंतरची खरड छाटणी उरकली. सात महिने झाले.

लायब्ररी हवीच कशाला, असं विचारणाऱ्याने एकदा ब्राउझरच्या स्वतःच्या डॉक्युमेंट-डॉट-कुकीवर काम करून बघावं. वाचायला गेलात की सगळ्या कुक्या अर्धविरामांनी चिकटवलेल्या एकाच ओळीत हाती येतात, आणि एखादी पुसायची तर तिला मागची तारीख घालावी लागते. नेटस्केप या जुन्या ब्राउझरच्या काळातलं प्रकरण आहे ते. जेएस-कुकीत सेट, गेट, रिमूव्ह, बस. मुदत दिवसांत द्यायची; दिली नाही तर ब्राउझर बंद होईपर्यंतच कुकी टिकते. झिप केल्यावर फाइल एक केबीसुद्धा भरत नाही. खेड्यातल्या नेटवर्कवर याचं मोल कळतं.

पहिला फटका माझ्याच आळसाने बसला. जुन्या प्रोजेक्टमधला दुसऱ्या आवृत्तीचा कोड उचलून तिसऱ्या आवृत्तीवर चिकटवला. दुसरीत अख्खा ऑब्जेक्ट (माहितीचा गठ्ठा) दिला तरी ती आपणहून त्याचं जेसन, म्हणजे साधा मजकूर, करून ठेवायची; तिसरीत ते काढून टाकलंय. कुकीत प्लॉटांच्या जागी ‘ऑब्जेक्ट ऑब्जेक्ट’ एवढंच जाऊन बसलं. एरर नाही, काही नाही. रिमूव्हचंही तसंच. सेट करताना डोमेन दिलं असेल तर पुसतानाही तेच द्यावं लागतं, नाहीतर कुकी जागची हलत नाही. दोन्ही गोष्टी माहितीपत्रात स्वच्छ लिहिल्या आहेत. मीच वाचल्या नव्हत्या.

पुढचा घोळ मात्र खास आपला, मराठीचा. शेतकरी प्लॉटांना नावं देतात ती ‘विहिरीजवळचा थॉमसन’ अशी; थॉमसन हा द्राक्षाचा वाण. कुकीत देवनागरी जशीच्या तशी जात नाही. प्रत्येक चिन्हाचे तीन बाइट, आणि लायब्ररी दर बाइट ‘%’ आणि पुढे दोन अक्षरं असा लिहिते, म्हणजे एका चिन्हाला नऊ अक्षरं. काना-मात्रा-वेलांटी वेगळी मोजायची. त्या एका नावाची 147 अक्षरं होतात. वर वाण आणि तारीख. कुकीची मर्यादा 4096 बाइट. निफाडच्या एका बागायतदाराचे 14 प्लॉट होते. चौदावा भरला की नवी नोंद टिकेचना. ब्राउझर मुकाट नाकारतो आणि लायब्ररीचं सेट काहीच झालं नाही अशा थाटात परत येतं. इथे तिने निदान कन्सोलमध्ये (ब्राउझरच्या त्रुटी दाखवणाऱ्या खिडकीत) एक ओळ तरी छापावी, ही माझी खरी तक्रार. इंग्रजी नावांनी चाचणी करणाऱ्याला हे वर्षभर दिसणार नाही.

एप्रिलमध्ये दिंडोरीहून फोन: “अहो साहेब, तुमची साइट आम्हाला ओळखंना झाली. माझ्या फोनवर हाये सगळं, पोराच्या आयफोनवरनं गेलं.” त्या पोराच्या आयफोनानेच उत्तर दिलं. पानावरच्या स्क्रिप्टने लिहिलेली कुकी आयफोनचा ब्राउझर सफारी 2019 पासून जास्तीत जास्त 7 दिवस ठेवते, तुम्ही 150 लिहा नाहीतर 300. (क्रोमचीही कमाल 400 दिवस आहे, पण तिथवर आम्ही कधी गेलोच नाही.) मग हंगामभर कसं चाललं? साइट उघडली की मी मुदत पुढे ढकलत होतो आणि फवारणीच्या दिवसांत माणूस रोज उघडायचा. मार्चमध्ये माल उतरला, तीन आठवडे कोणी फिरकलं नाही, आणि खरड छाटणीची तारीख भरायला आले तर तालुका, वाण, प्लॉट सगळं साफ. लोकल स्टोरेजमध्ये, म्हणजे ब्राउझरच्याच दुसऱ्या कप्प्यात, हलवायचा विचार केला होता, पण सफारी तेही न वापरल्यास 7 दिवसांनी पुसते.

शेवटी प्लॉट सर्व्हरवर नेले. कुकीत फक्त एक ओळखक्रमांक, तोही सर्व्हरने उत्तराच्या हेडरमधून पाठवलेला आणि एचटीटीपी-ओन्ली, म्हणजे पानावरच्या स्क्रिप्टला बंद. जेएस-कुकीला तो दिसतसुद्धा नाही. दोन्ही दुखणी एकदम गेली. निफाडवाल्यांनी परवा सतरावा प्लॉट भरला.

जेएस-कुकी काढली नाही. तिच्याकडे आता भाषा मराठी की इंग्रजी, आणि अक्षरं मोठी की लहान, एवढंच उरलंय. सात दिवसांनी गेलं तरी कुणी फोन करणार नाही असं. त्या कामात पाचपैकी साडेचार. अर्धा त्या न छापलेल्या ओळीचा कापला.