घरी केलेले क्रीम टिकवताना : एका प्रिझर्व्हेटिव्हचा आठ महिन्यांचा अनुभव

क्रीममध्ये जंतू वाढू नयेत म्हणून घालायच्या फेनॉक्सिइथेनॉल आणि इथाइलहेक्सिलग्लिसरिन यांच्या तयार मिश्रणाची १०० ग्रॅमची बाटली मी गेल्या जूनच्या सुरुवातीला मागवली. तेव्हापासून जानेवारीअखेरपर्यंत चिपळूणच्या घरी, म्हणजे कपाटातल्या चामड्याच्या चपलांनाही बुरशी चढते अशा पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या थंडीत, कोरफडीचे जेल आणि हातापायांचे क्रीम मी याच मिश्रणावर टिकवले.

त्याआधीची दोन वर्षे मी जे करत होते ते सांगितल्याशिवाय या बाटलीची किंमत कळणार नाही. आमच्याकडे दर उन्हाळ्यात सरबते होतात, त्यामुळे सोडियम बेन्झोएटची पुडी घरात असतेच. जे कोकमाचे सरबत टिकवते ते क्रीमही टिकवेल, असे मी गृहीत धरले होते. क्रीम तिसऱ्या आठवड्यात नासले. चूक पुडीची नव्हती. सोडियम बेन्झोएट आंबट द्रावणातच काम करते, कारण जंतूंना रोखणारे बेन्झोइक आम्ल तिथेच मोठ्या प्रमाणात मोकळे होते. सरबत आंबट असते; माझ्या क्रीमचा पीएच (आंबटपणाचे माप; आकडा मोठा तितका आंबटपणा कमी) मात्र पट्टीवर ६ आला, आणि त्या पातळीवर टाकलेल्या बेन्झोएटपैकी जेमतेम दीड-दोन टक्केच कामाच्या रूपात उरते. नवे मिश्रण पीएचच्या बाबतीत इतके चोखंदळ नाही आणि माझ्या दृष्टीने हाच त्याचा सर्वांत मोठा गुण आहे.

दुसरा गैरसमज व्हिटॅमिन ई-च्या कॅप्सूलचा. ती टोचून क्रीममध्ये पिळली की क्रीम वर्षभर टिकते, असे मला ठामपणे सांगितले गेले होते. मराठीत खवट होणे आणि आंबणे हे दोन वेगळे शब्द आहेत, तरी हा फरक माझ्या लक्षात आला नव्हता. तेल हवेतल्या ऑक्सिजनमुळे खवट होते आणि व्हिटॅमिन ई ती क्रिया लांबवते. जंतू आणि बुरशी वाढतात त्या पाण्यात, आणि त्यांना व्हिटॅमिन ई-ने काहीच फरक पडत नाही. म्हणूनच आजीच्या कपाटातला मुठेलाचा गोळा कोणत्याही प्रिझर्व्हेटिव्हशिवाय वर्ष-वर्ष चांगला राहत असे: त्यात पाणी नव्हते, आणि कोकमाचे ते घट्ट तेल सहजासहजी खवट होणाऱ्यांपैकी नव्हे.

आता मिश्रणाविषयी. ते रंगहीन, किंचित तेलकट असून त्याला गुलाबासारखा अगदी मंद वास आहे; क्रीममध्ये तो जाणवत नाही. बाटलीवर अर्धा ते एक टक्का असे प्रमाण बारीक अक्षरांत छापलेले आहे, पण ते वजनाने घ्यायचे की मापाने, याचा उल्लेख नाही. पहिल्या वेळी मी ड्रॉपरने थेंब मोजले. थेंबांचा आकार सारखा नसतो, त्यामुळे प्रमाण जास्त झाले असावे, कारण ते क्रीम लावल्यावर धाकट्या जावेच्या गालांची आग झाली. युरोपीय संघाच्या नियमांत फेनॉक्सिइथेनॉलची कमाल मर्यादा १ टक्का आहे, हे मी नंतर वाचले. तेव्हापासून सोनाराकडे असतो तसा, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा काटा वापरते आणि १०० ग्रॅम क्रीमला बरोबर १ ग्रॅम घालते. अशी तक्रार पुन्हा आली नाही.

मात्र याच प्रमाणाने ताज्या कोरफडीच्या गराचे जेल टिकले नाही. जुलैत बरणीचे झाकण उघडले तेव्हा जेल वरून स्वच्छ होते, पण झाकणाच्या आतल्या बाजूला, जिथे वाफेचे थेंब जमतात तिथे, करड्या लवेचे दोन ठिपके होते. ताज्या गरात साखर, तंतू आणि पानावरचे जंतू असा सगळा ऐवज असतो. त्यापुढे एक टक्का अपुरा पडतो, आणि बुरशीच्या बाबतीत फेनॉक्सिइथेनॉल तसेही थोडे दुबळेच आहे. त्यानंतर मी गर बंद केला. २००:१ प्रतीची, म्हणजे २०० भाग रस आटवून एक भाग केलेली, कोरफडीची पूड १०० ग्रॅम डिस्टिल्ड वॉटरमध्ये अर्धा ग्रॅम विरघळवते. ते जेल तीन महिने नीट राहिले. दूध, दही आणि मध घालून क्रीम करण्याचा मोहही मी सोडला. उटणे मात्र कोरडेच ठेवते आणि लावायच्या वेळी वाटीत भिजवते.

क्रीमची एक डबी सप्टेंबरमध्ये बिघडली, तेव्हा दोष मिश्रणाला देता आला नाही. सासूबाई भांडी घासून झाली की ओल्या बोटानेच डबीतून क्रीम घेतात. त्यांना सांगून पाहिले, आणि मग सरळ पंपाची बाटली आणली. त्याच घाण्यातले पंपाच्या बाटलीतले क्रीम डिसेंबरपर्यंत चांगले राहिले. बाटल्या आता ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन, उपड्या वाळवून मगच भरते. एवढे करूनही तीन महिन्यांची तारीख लिहिते आणि ती उलटली की उरलेले टाकून देते, कारण बुरशी दिसते तसे जिवाणू दिसत नाहीत आणि वासही दर वेळी बदलत नाही. याच कारणाने डोळ्यांभोवती लावायचे काही मी घरी करत नाही.

विक्रेत्याविषयी एक तक्रार आहे: बाटलीवरची उत्पादनाची तारीख बोट लागताच पुसली गेली आणि विचारणा केल्यावर उत्तर आले नाही. आठ महिन्यांत जेमतेम २० ग्रॅम मिश्रण खर्च झाले आहे. घरापुरते करणाऱ्याला १०० ग्रॅमची बाटली फार मोठी होते. मिळत असेल तर लहान घ्यावी. माझ्या बाटलीतले निम्मे मी बदाम तेलाच्या मलमांचा व्यवसाय करणाऱ्या मैत्रिणीला देऊ केले होते. तिच्या मलमात पाण्याचा थेंब नसतो, म्हणून तिने ते घेतले नाही, आणि तिचे बरोबरच होते.