पॅड, कापडी घडी, कप की न्हाणीघर: गावाच्या निधीतून आधी काय घ्यावे?

ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातील 10 टक्के रक्कम महिला व बालकल्याणासाठी खर्च करायची असते आणि मार्च महिना जवळ आला की ती कशावर खर्च करावी, हा विषय ग्रामसंघाच्या, म्हणजे गावातील बचत गटांच्या संघाच्या, बैठकीत निघतोच. अलीकडे त्याचे ठरलेले उत्तर म्हणजे मुलींना सॅनिटरी पॅड वाटणे. हे उत्तर चुकीचे आहे असे माझे म्हणणे नाही. पण ते अनेकदा दुसरा कोणताही पर्याय शेजारी ठेवून न पाहता दिलेले असते. ज्या ग्रामसंघाला, शाळा व्यवस्थापन समितीला किंवा लहान संस्थेला या वर्षी थोडक्या पैशांत हा निर्णय घ्यायचा आहे, त्यांच्यासाठी हे पर्याय येथे तुलनेसाठी मांडले आहेत. हिशेब सोपा व्हावा म्हणून वापरणाऱ्या मुली आणि स्त्रिया मिळून 100 जणी आहेत, असे धरले आहे.

तुलनेआधी एक बाब स्पष्ट करायला हवी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2015-16 च्या फेरीत 15 ते 24 वयोगटातील सुमारे 58 टक्के स्त्रिया पाळीत स्वच्छ साधने वापरत असल्याचे आढळले होते. 2019-21 च्या फेरीत हे प्रमाण सुमारे 78 टक्क्यांवर गेले. परंतु याच दुसऱ्या फेरीत जवळपास निम्म्या स्त्रियांनी आपण कापडही वापरत असल्याचे सांगितले, कारण या प्रश्नाला एकाहून अधिक उत्तरे देता येत होती. याचा अर्थ, पॅड घरात आले म्हणून कापड गेलेले नाही. शाळेला, बाजाराला किंवा लग्नाला जाताना पॅड आणि घरी असताना जुन्या सुती लुगड्याची घडी, अशी काटकसर अनेक घरांत चालते. त्यामुळे ‘पॅड की कापड’ असा प्रश्न बैठकीत आपण विचारत असलो, तरी घराघरांतील बायकांनी तो आपल्यापरीने केव्हाच सोडवलेला आहे. त्यांना अडते ते पॅड संपल्यावर, कापड वाळवायला जागा नसल्यावर आणि दिवसभर बदलायला आडोसा न मिळाल्यावर.

एकदा वापरून टाकायच्या पॅडचा हिशेब प्रथम पाहू. पाच दिवसांची पाळी आणि दिवसाला तीन ते चार पॅड धरले, तर एका पाळीला 15 ते 20 पॅड लागतात. किमान 15 धरले तरी 100 जणींना वर्षाला 18,000 पॅड हवेत. जनऔषधी केंद्रातील ‘सुविधा’ पॅड ऑगस्ट 2019 पासून एक रुपयाला मिळू लागले. त्या दराने हा खर्च 18,000 रुपये होतो, तर बाजारातील पाच-सहा रुपयांचे पॅड घेतल्यास तो 90,000 रुपयांच्या वर जातो. या हिशेबावर सरकारी योजना तपासल्या की त्यांतील उणीव दिसते. केंद्राच्या 2011 च्या योजनेत आशाताईंमार्फत सहा पॅडचे पाकीट सहा रुपयांना मिळे. महाराष्ट्राच्या ‘अस्मिता’ योजनेत 8 मार्च 2018 पासून जिल्हा परिषद शाळांतील मुलींना आठ पॅडचे पाकीट पाच रुपयांना देण्याचे ठरले आणि विक्री बचत गटांकडे सोपवली गेली. दर दोन्हीकडे रास्त होता, पण सहा किंवा आठ पॅडमध्ये एक पाळी निभत नाही. मग मुलगी तेच पॅड आठ-दहा तास ठेवते किंवा उरलेले दिवस कापडावर काढते. म्हणून फुकट पॅड वाटायचे असतील, तर 100 जणींना एकेक पाकीट देण्यापेक्षा 40 जणींना वर्षभर पुरेल इतके देणे मला अधिक योग्य वाटते. महिला दिनाला पाकिटे वाटून घेतलेले छायाचित्र जूनमध्ये कोणाच्याही उपयोगी पडत नाही.

फुकट वाटण्याऐवजी बचत गटाने जनऔषधी केंद्रातून किंवा घाऊक दुकानातून माल आणून गावात विकण्याचा मार्ग अधिक टिकाऊ आहे. त्यात ग्रामसंघाने एकदाच 10-15 हजारांचे खेळते भांडवल घालायचे; विक्रीचे पैसे परत येतात आणि त्यातूनच पुढचा माल भरता येतो. किराणा दुकानात पुरुष असतो, पॅड काळ्या पिशवीत गुंडाळून मिळतात आणि मुली मागायला लाजतात, ही अडचणही बाईच्या घरातून विक्री झाली की आपोआप सुटते. ज्यांना एक रुपयाही जड आहे, अशा घरांची नावे गटातील बायकांना ठाऊक असतात. त्यांचा माल खेळत्या भांडवलातून न देता 10 टक्क्यांच्या निधीतून द्यावा, म्हणजे भांडवल आटत नाही.

शाळेत नाणे टाकून पॅड देणारे यंत्र बसवण्याचा प्रस्ताव हमखास येतो, कारण त्याचे उद्घाटन करता येते. यंत्र भरण्याची जबाबदारी जेथे कोणाच्याच नावावर नाही, तेथे ते रिकामेच राहते. वर्गशिक्षिकेच्या टेबलाचा एक खण, त्यात 20 पॅड आणि न विचारता घेण्याची मुभा, एवढ्यावर लहान शाळेचे काम भागते.

गावातच पॅड तयार करण्याचा पर्याय सर्वांत मोहक आहे आणि त्यात सर्वांत अधिक पैसे अडकतात. कोइम्बतूरचे अरुणाचलम मुरुगानंतम यांनी तयार केलेल्या लहान यंत्रसंचामुळे ही कल्पना देशभर पोहोचली. 2016 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. लाकडाचा लगदा पिंजणे, त्याची लादी दाबणे, ती आवरणात घालून कडा चिकटवणे आणि अतिनील किरणांखाली निर्जंतुक करणे, इतकी सोपी प्रक्रिया असल्याने चार बायका ती सहज चालवू शकतात. अडचण यंत्रात नसून बाजारात आहे. लगदा आणि आवरणाचे कापड बाहेरून विकत आणावे लागते, पातळ आणि पंखांच्या पॅडची सवय लागलेल्या मुलींना जाड पॅड नकोसे वाटतात, आणि एक रुपयाच्या पॅडशी किमतीत स्पर्धा करणे कोणत्याही गटाला शक्य नाही. जुलै 2018 मध्ये पॅडवरील 12 टक्के वस्तू व सेवा कर रद्द झाला, ही ग्राहकांसाठी चांगली गोष्ट झाली. मात्र माल करमुक्त झाल्यामुळे उत्पादकाला कच्च्या मालावर भरलेल्या कराची वजावट मिळेनाशी झाली आणि त्याची झळ लहान उत्पादकांना लागते. एखादे रुग्णालय, आश्रमशाळांचा समूह किंवा कारखाना वर्षभर ठराविक माल उचलण्याचे लेखी देत असेल, तरच या पर्यायाकडे वळावे. केवळ ‘महिलांना रोजगार’ या शब्दांवर विसंबून वळू नये. माल विकायचा असेल, तर तो आयएस 5405 या भारतीय मानकाला उतरतो की नाही, हेही तपासून घ्यावे लागेल.

कापडी पॅडबद्दल बोलताना दोन टोकांची मते ऐकू येतात. एका मते कापड म्हणजे मागासलेपण आणि जंतुसंसर्ग, तर दुसऱ्या मते पर्यावरणाचे सर्व प्रश्न कापडाने सुटतात. कापडामुळे आपोआप रोग होत नाही. ओलसर, नीट न धुतलेले आणि अंधारात वाळवलेले कापड त्रास देते. पुण्याची ‘समाजबंध’ ही संस्था वापरलेल्या स्वच्छ कपड्यांपासून पुन्हा वापरता येणारे पॅड शिवून आदिवासी भागांत पोहोचवते. दिल्लीच्या ‘गूंज’ने जुन्या कापडाचे पॅड अनेक राज्यांत नेले आहेत, आणि ऑरोव्हिलच्या ‘इको फेम’ने शिवलेल्या कापडी पॅडना बाजारपेठ मिळवून दिली आहे. शिवलेल्या पॅडचा घडीपेक्षा फायदा असा की बटणामुळे तो सरकत नाही आणि थर ठरलेले असल्याने डाग पडण्याची धास्ती कमी होते. चार-पाच पॅडचा संच नीट वापरला तर दोन-तीन वर्षे टिकतो. पुन्हा वापरण्याच्या पॅडसाठी आयएस 17514 हे स्वतंत्र मानकही आता आहे. गावात शिलाई मशीन चालवणाऱ्या बायका असतातच, त्यामुळे कच्चा माल व कौशल्य यांबाबत हा पर्याय पॅडनिर्मितीच्या यंत्रापेक्षा कितीतरी सुटसुटीत आहे.

त्याची खरी परीक्षा वाळत घालण्याच्या दोरीवर होते. जेथे पाळीतील बाई अजून बाजूला बसते, जेथे कापड पुरुषांच्या नजरेस पडू नये म्हणून साडीखाली, पलंगाखाली किंवा गोठ्यात वाळवले जाते, तेथे कितीही चांगला पॅड दिला तरी तो ओलाच वापरला जाईल. कापडी पॅड निवडणाऱ्यांनी म्हणून आधी दोरीची चर्चा करावी आणि ती सासवा व पुरुषांसह करावी. उन्हात पातळ सुती ओढणी वरून टाकून पॅड वाळवण्याची मधली वाट पुष्कळ घरांना पटू शकते. पाण्याचा प्रश्नही येथेच येतो. एप्रिल-मेमध्ये टँकरवर जगणाऱ्या वाडीला धुण्याचे जास्तीचे पाणी कोठून आणणार, याचे उत्तर नसेल तर निदान उन्हाळ्यापुरते टाकाऊ पॅड द्यावेत.

मासिक पाळीचा कप योनीमार्गात बसवतात आणि रक्त त्यात साठते; त्याचा हिशेब कागदावर सर्वांना मागे टाकतो. साधारण 300 ते 500 रुपयांचा एक सिलिकॉनचा कप काळजी घेतल्यास दहा वर्षांपर्यंत चालू शकतो. म्हणजे 100 जणींसाठी 30 ते 50 हजारांचा खर्च एकदाच करावा लागतो आणि कचरा जवळजवळ होत नाही. केरळमध्ये हा प्रयोग संस्थात्मक पातळीवर झाला आहे: 2019 मध्ये आलप्पुळा नगरपालिकेने एचएलएल लाइफकेअर या सरकारी कंपनीच्या साहाय्याने ‘तिंकल’ प्रकल्पात 5,000 कप वाटले आणि जानेवारी 2022 मध्ये एर्नाकुलम जिल्ह्यातील कुंबळंगी हे गाव सॅनिटरी पॅडमुक्त म्हणून जाहीर झाले. 2019 मध्येच लॅन्सेट पब्लिक हेल्थ या वैद्यकीय नियतकालिकात 43 अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. त्यानुसार कपातून होणारी गळती पॅडइतकी किंवा त्याहून कमी असते आणि सवय झालेल्या सुमारे 70 टक्के स्त्रियांनी तो पुढेही वापरण्याची इच्छा दाखवली.

‘सवय झालेल्या’ या दोन शब्दांतच सगळे आले. कप बसवणे जमायला दोन-चार पाळ्या जाऊ शकतात आणि त्या काळात शंका विचारायला कोणीतरी लागते. तो आत जाऊन हरवेल का, लग्नाआधी वापरला तर लोक काय म्हणतील, उकळायला वेगळे भांडे चुलीवर ठेवले तर सासू काय म्हणेल, हे प्रश्न प्रशिक्षणाच्या सभेत कोणी विचारत नाही. ते नंतर, आशाताईच्या ओट्यावर निघतात. शिवाय तांबी बसवलेल्या स्त्रीने आधी डॉक्टर किंवा परिचारिकेचा सल्ला घेणे आवश्यक आहे, कारण कप ओढताना तांबी सरकण्याचा धोका असतो. स्वतः कप वापरणाऱ्या दोन-तीन जणी गावात असतील आणि त्या सहा महिने पाठपुरावा करणार असतील, तर इच्छुक 20 जणींपासून सुरुवात करावी. सरसकट वाटप केले, तर कप डब्यातच पडून राहतील.

आता त्या पर्यायाकडे येऊ, ज्याची मागणी सर्वांत कमी होते आणि जो माझ्या मते बहुतेक गावांत पहिला असायला हवा: दार, कडी, पाणी आणि कचऱ्याची सोय. न्हाणीघर किंवा शाळेचे शौचालय बंद, निचऱ्याविना किंवा बिनपाण्याचे असेल, तर वर तोललेल्या सगळ्याच साधनांची किंमत निम्मी होते. या कामाला महिला व बालकल्याणाच्या तुटपुंज्या रकमेला हात लावण्याची गरजही नाही, कारण पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतील 60 टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेशी बांधलेला होता आणि ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात अशी कामे बसतात. आराखडा ठरतो त्या ग्रामसभेत महिलांनी ही मागणी नोंदवून घेणे तेवढे आवश्यक आहे.

कचऱ्याबाबत पुण्याचा अनुभव पाहण्यासारखा आहे. तेथील कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेने वापरलेले पॅड हाताने वेगळे करण्याची वेळ आपल्यावर येते, हे वर्षानुवर्षे मांडले. त्यातूनच पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढण्याची मोहीम उभी राहिली. 2016 च्या घनकचरा नियमांनीही पॅड गुंडाळून देण्याची जबाबदारी घरावर आणि त्यासाठी पिशवी देण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली. खेड्यात घंटागाडी नसते. पॅड उकिरड्यावर, ओढ्यात किंवा शौचालयाच्या खड्ड्यात जातात आणि खड्डा तुंबतो. शाळेत बसवलेली लहान जाळणयंत्रे कमी तापमानावर प्लास्टिक अर्धवट जाळून विषारी धूर सोडतात, म्हणून ती स्वस्त मिळतात एवढ्यावरून घेऊ नयेत. टाकाऊ पॅडची संख्या वाढवणारा निर्णय घेताना त्याच ठरावात पॅड कोठे जाणार, हेही लिहावे.

या साऱ्याला एक मोठा अपवाद आहे, तो ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचा. फडावर पाणी विकतच्यासारखे जपावे लागते, कोप्यांना, म्हणजे राहायच्या झोपड्यांना, दार नसते, शौचालय नसते आणि एक दिवस खाडा पडला तर मजुरी तर जातेच, वर मुकादमाचा दंड बसतो. बीड जिल्ह्यात गर्भाशय काढलेल्या ऊसतोड स्त्रियांचा प्रश्न 2019 मध्ये पुढे आला, तेव्हा 82,309 स्त्रियांच्या पाहणीत 13,861 जणींची ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. त्यामागे अनेक कारणे असली, तरी पाळीमुळे काम बुडण्याची धास्ती हे त्यांतील एक कारण होते. अशा स्त्रीला कापडी पॅड देणे म्हणजे तिच्या डोक्यावर आणखी एक धुणे ठेवणे होय. तिच्यासाठी टाकाऊ पॅडच योग्य ठरतात आणि तेही पाच-सहा महिन्यांना पुरेल इतके. म्हणजे सहा महिने धरले तर एकीला किमान 90. जी स्वतःहून मागेल आणि गावी असताना दोन पाळ्या वापरून पाहील, तिला कपही द्यावा, कारण तो बारा तासांपर्यंत ठेवता येतो आणि धुण्यास पाणी कमी लागते.

सर्वांना एकच साधन देण्याचा हट्ट मात्र कोठेही धरू नये. स्कॉटलंडमध्ये ऑगस्ट 2022 पासून लागू झालेल्या कायद्याने ही साधने मोफत उपलब्ध करून देण्याची जबाबदारी स्थानिक परिषदांवर टाकली, तेव्हा त्यांत विविध प्रकारांची निवड असावी असेही नमूद केले. आपल्या 100 जणींसाठी माझी वाटणी अशी राहील: शौचालयाची कडी आणि पाणी आराखड्यातून, 15,000 रुपये बचत गटाच्या विक्रीसाठी, कापडी पॅडचे 30 संच गावातच शिवून, आणि 20 कप, मागणाऱ्यांनाच. मजूर टोळ्या दिवाळीच्या आसपास गाव सोडतात, त्यामुळे त्यांच्या पॅडची मागणी ऑगस्टच्या बैठकीतच नोंदवून दसऱ्यापूर्वी माल हाती असायला हवा.