सुट्टीत राजकारण वाचायचंय: बातमी, स्तंभ की मूळ कागदपत्रं?

चार-आठ दिवसांची सुट्टी हाताशी आहे, राजकारणाची आवड आहे आणि एरवी घाईघाईत मथळे चाळून मन भरत नाही. अशा वेळी काय वाचावं? माझं मत पक्कं आहे: ताज्या बातम्या सगळ्यात कमी, मूळ भाषणं आणि अहवाल सगळ्यात जास्त, आणि स्तंभ निवडून.

बातमीचं बळ तिच्या वेगात असतं, आणि चूकही तिथूनच शिरते. ३ नोव्हेंबर १९४८ रोजी ‘शिकागो ट्रिब्यून’ने अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीत ड्यूईंनी ट्रूमनना हरवल्याचा मथळा छापला. छपाई कामगारांचा संप सुरू होता, म्हणून पहिली आवृत्ती मतमोजणी पुरी होण्याआधीच छापायला सोडली होती. प्रत्यक्षात ट्रूमन जिंकले आणि तोच अंक उंचावून हसले. पण बातमी बरोबर असली तरी ती तुकड्यातुकड्यांनी येते. अमेरिकेत वॉटरगेट इमारतीतल्या विरोधी पक्षाच्या कार्यालयात घुसलेल्या पाच जणांना पकडलं १७ जून १९७२ला. त्यानंतर नोव्हेंबरात अध्यक्ष निक्सन ५०पैकी ४९ राज्यं जिंकले, आणि याच प्रकरणापायी राजीनामा दिला तो ऑगस्ट १९७४मध्ये. रोजच्या वाचकाला हा धागा हाती लागणं कठीणच होतं. सुट्टीत असं एखादं जुनं प्रकरण सलग वाचावं. ऐन सुट्टीत मतदान असेल किंवा सरकार डळमळत असेल, तर मात्र बातमीला पर्याय नाही. संध्याकाळी एकदा वाचली तरी पुरते.

स्तंभ वाचायला सोपे, म्हणूनच जपून. माझी कसोटी साधी आहे: लेखकाने विरोधी बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा मांडलाय का? नसेल तर दुसऱ्या परिच्छेदानंतर पुढे जा. ज्याचं म्हणणं आपल्याला पटत नाही असा एक तरी स्तंभकार सोबत ठेवा.

मूळ कागदपत्रांना लोक बिचकतात, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. डॉ. आंबेडकरांचं संविधान सभेतलं २५ नोव्हेंबर १९४९चं भाषण घ्या. लेखांमध्ये त्यातली दोन-चार वाक्यंच पुन्हा पुन्हा भेटतात, बहुतेकदा राजकारणातल्या भक्तीबद्दलची, म्हणजे व्यक्तिपूजेच्या धोक्याची. अख्खं भाषण वाचलं की आधी कामाचा हिशेब दिसतो: मसुद्यावर ७,६३५च्या आसपास दुरुस्त्या सुचवल्या गेल्या, त्यातल्या २,४७३ सभागृहात मांडल्या गेल्या. पुढे संविधान सभेचे सल्लागार बी. एन. राव आणि मसुदा लिहिणारे एस. एन. मुखर्जी यांना दिलेलं श्रेय, मग टीकाकारांना मुद्देसूद उत्तरं आणि त्यानंतर भक्तीबद्दलचा तो इशारा. तोही एकटा नाही. आधी सनदशीर मार्ग धरण्याचा आग्रह, आणि नंतर राजकीय समतेशेजारी उभ्या सामाजिक-आर्थिक विषमतेची चिंता. ही सांधेजोड कुठल्याच उताऱ्यात दिसत नाही. हे सगळं एका बैठकीत वाचून होतं.

अहवाल जड असतात, हे खरं. इराक युद्धावरचा ब्रिटनचा चिलकॉट अहवाल १२ खंडांचा, सुमारे २६ लाख शब्दांचा आहे. पण त्याचा सारांश दीडशे पानांच्या आसपास आहे आणि तो कुणालाही झेपेल. ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान ब्लेअर यांनी जुलै २००२मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष बुश यांना पाठवलेल्या टिपणाची ‘काहीही झालं तरी मी तुमच्यासोबत असेन’ ही पहिलीच ओळ तेवढी गाजली. त्याच टिपणात त्यांनी पुढच्या अडचणीही लिहिल्या होत्या, हे मूळ वाचल्यावरच कळतं. अर्थात भाषण करणारा आणि टिपण लिहिणारा स्वतःची बाजू मांडत असतो. तिथे चांगला स्तंभकार कामी येतो.

तेव्हा सुट्टी दोनच दिवसांची असेल, तर आंबेडकरांचं ते भाषण आणि त्यावरचे दोन वेगवेगळ्या मतांचे लेख. आठवडा मोकळा असेल तर चिलकॉटचा सारांश, आणि जोडीला मार्च २००३मधले युद्धाच्या बाजूचे आणि विरोधातले अग्रलेख शोधून वाचा. सारांश आधी वाचू नका, अग्रलेख आधी.