जीटी ७१० आणि नूवो ड्रायव्हर: एका लग्नसराईचा अनुभव

खानापुरातल्या आमच्या डीटीपीच्या दुकानात लिनक्सवर चालणाऱ्या कॉम्प्युटरला एनव्हिडियाचं बिनपंख्याचं जीटी ७१० ग्राफिक्स कार्ड आहे. वीज जेमतेम १९ वॅट, म्हणूनच घेतलेलं. ऐन लग्नसराईत कर्नल (लिनक्सचा गाभा) अपडेट झालं आणि स्क्रीन काळी. पोरगा विचारतोय, "काय करूलालंय हे मशीन?" कारण सरळ होतं. हे कार्ड केप्लर या जुन्या पिढीचं, आणि त्या पिढीला एनव्हिडियाच्या ड्रायव्हरची ४७० ही शेवटची मालिका. तिचे सुरक्षा अपडेटही सप्टेंबर २०२४ मध्ये संपले. नव्या कर्नलवर त्या ड्रायव्हरचं मॉड्यूल (कर्नलला जोडायचा भाग) बिल्डच होईना.

बेळगावचा दुरुस्तीवाला "कार्ड गेलं, नवीन घाला" म्हणून मोकळा. वर तपासणीचे पैसे घेतले. धडधाकट कार्डाचे!

कंपनीचा ड्रायव्हर काढून टाकला, नूवो हा लिनक्समधलाच खुला ड्रायव्हर आपोआप आला, दोन्ही मॉनिटर लागले. मराठी-कानडी पत्रिका झकास चालल्या. पण दहा फुटी बॅनर सरकवला की माउस मागं रेंगाळायचा. नूवो कार्डाचा वेग स्वतःहून वाढवत नाही, चालू होताना असेल त्याच वेगावर बसतो. डीबगएफएसमध्ये (कर्नलच्या तपासणीच्या फाइलींची जागा) पीस्टेट नावाची फाइल असते. ती उघडली की ०७ (हळू), ०एफ (जलद) अशा वेगांच्या ओळी दिसतात आणि शेवटी 'एसी'पुढं सध्याचा वेग. रूट (पूर्ण अधिकाराचा वापरकर्ता) होऊन तिच्यात ०एफ लिहायचं. बॅनर लोण्यासारखा सरकला! (काही कार्डं यानं हँग होतात, आधी फाइल सेव्ह करा.)

रीस्टार्ट केलं की पुन्हा पहिले पाढे. म्हणून सुरू होतानाच ०एफ लागेल अशी सर्व्हिस लिहिली आणि मनात या ड्रायव्हरला पैकीच्या पैकी दिले. एप्रिलमध्ये ते गुण कापले. काम नसतानाही वेग खाली येत नाही, हीटसिंकला बोट लावून बघा. आता सर्व्हिस बंद. बॅनर असेल तेव्हाच ०एफ, एरवी ०७.

जीटी १०३० वाल्यांनी हे करू नये. ते कार्ड पास्कल या नंतरच्या पिढीचं. त्याला एनव्हिडियानं सही केलेलं फर्मवेअर (कार्डाच्या आतलं सॉफ्टवेअर) लागतं, तिथं नूवोला वेग वाढवता येत नाही. आणि "एनव्हिडिया आता ओपन झालं" हे फॉरवर्डही पुरे. मे २०२२ मध्ये खुलं झालं ते फक्त कर्नल मॉड्यूल, तेही ट्युरिंग पिढीच्या कार्डांपासून पुढं.

निपाणीच्या एका ओळखीच्याकडं एएमडीचं जुनं आरएक्स ५५० कार्ड पडून आहे. एएमडीचा खुला ड्रायव्हर कर्नलमध्येच असतो, वेगही आपला आपण सांभाळतो. पण तो सांगतोय त्या पैशात आमचा टोनर येतो. दसऱ्यापर्यंत उतरला तर बघू.