परदेशात फराळ पाठवायचाय? पोस्टाच्या इंटरनॅशनल स्पीड पोस्टबद्दल थोडं

दिवाळी जवळ आली की परदेशात फराळ कसा पाठवायचा हा प्रश्न सगळीकडे फिरतो आणि उत्तरात खासगी कुरिअरचीच नावं येतात, पोस्टाचं नाव कुणी घेत नाही, म्हणून मुद्दाम लिहितेय. मी मुलीला जर्मनीत आणि भावाला दुबईत पोस्टाच्या इंटरनॅशनल स्पीड पोस्टनेच, म्हणजे ईएमएसने, डबे पाठवते आणि मला ही सर्व्हिस मनापासून आवडते. पाचपैकी चार स्टार, एक का कापला ते खाली येईलच.

पहिली गोष्ट म्हणजे पोच. मुलगी राहते ते गाव अगदी लहान आहे, एका कुरिअरवाल्याने पिनकोड बघून सरळ सांगितलं की आमचा माणूस तिथे जात नाही, जवळच्या शहरातून तुम्हीच उचला. पोस्टात हा प्रश्नच नाही, कारण तिथून पुढे डबा तिकडच्या टपाल खात्याच्या हातात जातो आणि त्यांचा पोस्टमन त्या गावात तसाही जातोच ना. आपण पैसे इथल्या काउंटरवर भरतो आणि दार वाजवतो जर्मनीतला माणूस, ज्याचा आपल्या पोस्टाशी नोकरीचा काही संबंध नाही. हे जमतं कसं याचं मला फार कुतूहल होतं म्हणून वाचून काढलं.

पूर्वी परदेशी पत्र म्हणजे नुसता हिशोबाचा गुंता, प्रत्येक देशाचा दुसऱ्या देशाशी वेगळा करार, पत्र कुठल्या वाटेने जाणार त्यावर दर बदलणार, मधल्या देशांचे पैसे वेगळे. मग जर्मन टपाल खात्याचे प्रमुख हाइनरिख फॉन श्टेफान यांनी विषय लावून धरला आणि ९ ऑक्टोबर १८७४ ला स्वित्झर्लंडमध्ये बर्नला २२ देशांनी एका करारावर सह्या केल्या. ठरलं असं की टपालापुरता सगळ्या सभासद देशांचा मिळून एकच मुलूख धरायचा, आणि दुसऱ्याचं टपाल आपल्या हद्दीतून जात असेल तर ते अडवायचं नाही, पुढे जाऊ द्यायचं. यातूनच युनिव्हर्सल पोस्टल युनियन झाली. भारत १८७६ मध्येच त्यात आला, आज १९२ देश आहेत. युनोच्या कितीतरी आधीची ही संस्था, १९४८ पासून ती युनोच्या छत्राखाली आहे. दोन महायुद्धं झाली तरी ही टिकली याचं मला खरंच फार अप्रूप वाटतं.

पैशाचं गणित पण वाचण्यासारखं आहे. सुरुवातीला ज्याने तिकीट विकलं त्यानेच पैसे ठेवायचे, कारण पत्राला उत्तर येणारच, म्हणजे दोन्हीकडचं काम साधारण सारखंच. पण काही देश पाठवतात जास्त आणि काहींच्या डोक्यावर वाटायचं काम जास्त असं होत गेलं, तेव्हा १९६९ मध्ये ठरलं की वाटप करणाऱ्या देशाला पाठवणाऱ्याने मोबदला द्यायचा. यावरूनच २०१८ मध्ये अमेरिकेने बाहेर पडायची नोटीस दिली होती, चीनमधून येणारी छोटी पाकिटं आम्हाला तोट्यात वाटावी लागतात म्हणून. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये जिनिव्हाला खास अधिवेशन घेऊन मध्यम मार्ग काढला आणि अमेरिका आतच राहिली. भांडण असं टेबलावर बसून सुटतं ते मला आवडतं.

आता काउंटरवरचं. शक्यतो मोठ्या पोस्टात जा, छोट्या ब्रांचमध्ये परदेशी पार्सल घेतीलच असं नाही. सीएन २३ नावाचा कस्टमचा फॉर्म असतो, तो नुसता "फूड" लिहून देऊ नका, चकली अमुक ग्रॅम, शंकरपाळी अमुक ग्रॅम, किंमत, "गिफ्ट" असं सगळं नीट लिहा, कारण हाच फॉर्म तिकडचा कस्टमवाला वाचतो आणि ही माहिती कॉम्प्युटरवरून डब्याच्या आधी तिकडे पोचते. ट्रॅकिंग नंबर १३ अक्षरांचा, आधी दोन अक्षरं, मग नऊ आकडे आणि शेवटी भारताचं आय-एन, ही पद्धत पण सगळ्या देशांनी मिळून ठरवलेली, त्यामुळे तोच नंबर मुलगी तिकडच्या साइटवर टाकून बघू शकते.

आणि तो कापलेला स्टार. करार डब्याला सरहद्दीपर्यंत सुखरूप नेतो, सरहद्दीच्या आत मात्र प्रत्येकाचा कस्टम वेगळा आणि यादी वेगळी. अनारशांवर खसखस असते, करंजीच्या सारणात असते, आणि खसखस दुबईला चालत नाही, सिंगापूरलाही नाही. खसखस म्हणजे अफूच्या झाडाचं बी, आणि अमली पदार्थांच्या १९६१ च्या आंतरराष्ट्रीय कराराने हे बी वगळलेलं आहे, तरीसुद्धा नाही! मी भावाला करंज्या बिनखसखशीच्या करते आणि अनारसे पाठवतच नाही. युरोपात दुधाच्या पदार्थांना बंदी, म्हणजे पेढे-बर्फी बाद. जर्मनीत ४५ युरोपर्यंतच्या घरगुती भेटीवर कर नाही, वर गेलं तर मुलीला भरावा लागतो, ब्रिटनला ही मर्यादा ३९ पौंड आहे.

अमेरिकेचं तर २०२५ मध्ये सगळ्यांनी बघितलं, बाहेरून येणाऱ्या ८०० डॉलरपर्यंतच्या सामानावरची करमाफी २९ ऑगस्टपासून काढून टाकली, कर कोणी आणि कसा गोळा करायचा हेच स्पष्ट नव्हतं म्हणून भारतासकट बऱ्याच देशांच्या टपाल खात्यांनी तिकडचं बुकिंग थांबवलं. आपलं १५ ऑक्टोबरला परत सुरू झालं, दिवाळी तोंडावर आलेली, तोवर कितीतरी घरांचे डबे राहिले. हे मला खूप लागलं, पण यात पोस्टाच्या खिडकीवरच्या माणसाचा काही दोष नाही.

माझं मत असं की गाव आडबाजूला असेल, डबा दोन-चार किलोचा असेल आणि आठवडाभर मागेपुढे चालत असेल तर पोस्टच. घाई असेल किंवा डबा मोठा असेल तर कुरिअरचे दर विचारून बघा. अमेरिकेला पाठवणाऱ्यांनी बुकिंगच्या वेळी कर आत्ता इथेच भरायचा का आणि किती, हे विचारूनच पैसे द्या, आणि चिवडा डब्यात दाबून भरा, नाहीतर पोचेपर्यंत पोह्यांचा भुगा होतो.