पेट्रोलची वाफ अडवणारा मास्क, ४ स्टार

पेट्रोलचे टँकर भरायचं काम आहे माझं, आधी साधा धुळीचा मास्क लावायचो पण त्याचा काडीचा उपयोग नाही, तो कण अडवतो वाफ नाही, आणि पेट्रोलच्या वाफेत बेंझिन असतं ज्याने ब्लड कॅन्सर होऊ शकतो. हा कार्बन कार्ट्रिजवाला (वाफ शोषणारी कार्बनची डबी लावलेला) घेतल्यापासून शिफ्टनंतर डोकं जड होणं बरंच कमी झालं. दाढी वाढली की मात्र सील बसत नाही, वास थेट आत. कार्ट्रिज रात्री उघडं टाकू नका, कार्बन हवेतलं शोषत बसतो, माझे दोन असेच वाया गेले (अक्कलखाती जमा!). कार्ट्रिज बदलायला वास यायची वाट बघू नका, नाकाला सवय होते. उकाड्यात घामाने जीव जातो, म्हणून एक स्टार कापला.