मोकळं फिरणारं नोज व्हील: काही महिन्यांच्या वापरानंतर

माझं विमान आरव्ही-9ए, व्हॅन्स एअरक्राफ्ट कंपनीच्या किटमधून घरी बांधलेलं. इंजिन माउंटमधून (इंजिन धरणाऱ्या नळ्यांच्या सांगाड्यातून) खाली आलेल्या एकाच स्टीलच्या सळईवर नोज व्हील, म्हणजे पुढचं चाक, उभं आहे. त्याला स्टिअरिंग नाही. चाक धरणारा फोर्क (दुबेळकं) मोकळा फिरतो आणि सावकाश टॅक्सी करताना, म्हणजे जमिनीवर चालवताना, वळायचं ते मागच्या चाकांच्या ब्रेकवरच. उडायला लागल्यापासून देखभालीचा सर्वाधिक वेळ मी या चाकाला देतो, आणि तो द्यायलाच हवा असं माझं ठाम मत झालं आहे.

पहिला मुद्दा फोर्कच्या घट्टपणाचा. सैल असला तर चाक थडथडतं, फार आवळलेला असला तर प्रत्येक वळणाला ब्रेक तापतात. ॲक्सलपाशी (चाकाच्या आसापाशी) साधारण 22 पाउंड, म्हणजे 10 किलो, ओढ लावल्यावर फोर्क फिरायला हवा. मोजायला साधा स्प्रिंग काटा पुरतो. शेपटीकडे वजन बांधून चाक अधांतरी करायचं, काटा ॲक्सलला अडकवायचा आणि फोर्कला काटकोनात ओढायचा. नवीन असताना वॉशर आणि घासणारे भाग एकमेकांत बसत जातात, तसा हा आकडा उतरतो. माझा सुरुवातीच्या उड्डाणांत चांगलाच उतरला, आता स्थिर आहे. ग्रीस भरल्यावरही पुन्हा मोजतो. नट किंचितच फिरवायचा, आणि नट सुटू न देणारी कॉटर पिन दर वेळी नवी.

पण खरी मेख बेअरिंगमध्ये आहे. मूळ रचनेत ॲक्सलचा बोल्ट आवळला की त्याचाच दाब चाकातल्या टेपर रोलर (निमुळत्या रोलरांच्या) बेअरिंगवर येतो. जास्त आवळला तर चाक जड फिरतं, कमी आवळला तर बेअरिंग आणि फोर्क यांच्या मधले स्पेसर (अंतर राखणाऱ्या कड्या) चाकाबरोबर फिरून फोर्कला घासतात. जड चाक सळईला मागे ओढतं, ती स्प्रिंगसारखी वाकते आणि फोर्कचं टोक जमिनीकडे झुकतं. खडबडीत धावपट्टीवर हे टोक रुतलं तर विमान उलटू शकतं. 2007 साली व्हॅन्स कंपनीने सर्व्हिस बुलेटिन (दुरुस्तीची सूचना) काढून फोर्क आणि सळई बदलली, ती खालच्या नटाला जमिनीपासून जास्त अंतर मिळावं म्हणूनच. मी वेगळा ॲक्सल बसवला आहे: बेअरिंगचा दाब त्याच्या स्वतःच्या नटाने ठरतो, बाहेरचा बोल्ट कितीही आवळला तरी बदलत नाही. चाकाला हाताने गती दिली की आता छान मोकळं फिरतं, आणि आडवा प्ले (ढिलेपणा) अजिबात नाही. इतक्या महिन्यांत याला हात लावावा लागला नाही. या विमानावर केलेला सर्वांत समाधानकारक बदल हाच.

वरच्या टोकाला सळई जिथे माउंटच्या नळीत बसते, तिथे बोल्टचं भोक लांबट झालंय का, हे चाक धरून पिळून पाहिलं की कळतं. वेल्डजवळ रंगाला बारीक चीर किंवा गंजाचा ओघळ दिसला तर रंग काढून भिंगाने बघावं, शंका राहिली तर डाय पेनिट्रंट (चिरेत शिरून ती दाखवणारा रंग) वापरावं. सळईवरचा ओरखडाही हलक्यात घेऊ नये, थकव्याची चीर तिथूनच सुरू होते. फेअरिंगची (चाकावरच्या हवा कापणाऱ्या आवरणाची) कड सळईला घासत नाही ना, हे मी दर वेळी पाहतो.

टायरमधली हवा मात्र उड्डाणाआधीच तपासावी. हवा कमी असली की चाक जड चालतं, फेअरिंग खाली येतं आणि गवताळ पट्टीवर त्यात चिखल अडकतो. पावसाळी दिवसांत मी फेअरिंग सरळ काढूनच ठेवतो. वेग थोडा कमी होतो, पण चाक डोळ्यांसमोर राहतं.